दहिवलीत भविष्यवाणी खरी होते

मंगळवारी आबाजीचा घाणा बंद होता, आणि तेवढ्यावरून हिरामण सांधेवाल्याच्या छातीत धडधडू लागलं.

शनिवारी बंद असता तर त्याने ढुंकूनही पाहिलं नसतं. शनिवारी आबाजीचा घाणा फिरत नाही, हे दहिवलीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आबाजी वावोशीकर हा बेने इस्राएल, म्हणजे यहुदी. त्याचे पूर्वज कोण जाणे किती पिढ्यांमागे समुद्रातून कोकणच्या किनाऱ्याला लागले, तेल गाळू लागले, मराठी बोलू लागले, पण शनिवारचा विसावा काही त्यांनी सोडला नाही. म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. त्यांची आसपासची बहुतेक घरं कधीच मुंबईला गेली होती. देश स्वतंत्र झाल्यावरच्या या दहाबारा वर्षांत मुंबईतली घरंही एकेक करून थेट इस्राएलची वाट धरू लागली होती. दहिवलीत उरला होता तो आबाजी, त्याची बायको मिलकाबाई, एक म्हातारा बैल आणि घाणा.

आणि तो घाणा आज, मंगळवारी भरदिवसा, गप्प होता. कर्जत स्टेशनातून ड्युटी संपवून येणारा हिरामण हातातला डबा तसाच धरून कुडापाशी थांबला. नेहमीची ती करकर नाही, बैलाच्या गळ्यातली घंटा नाही. अंगणात डोकावून पाहिलं तर घाण्यातली लाट, म्हणजे तो बिया चेपणारा भला थोरला सोट, काढून ठेवलेली. हिरामणच्या तोंडून आपसूक निघून गेलं, ‘‘देवा, निघाला की हा.’’

आता एखाद्या तेल्याने घाणा उघडून ठेवला तर त्यात छाती धडधडण्यासारखं काय, असं कोणीही विचारेल. पण हिरामणची गोष्ट वेगळी होती. आठवड्यातले सहा दिवस तो कर्जतच्या यार्डात रूळ बदलायचा, घाट चढणाऱ्या गाडीला मागून लावायचं इंजिन योग्य रुळावर आणून द्यायचा, आणि रविवारी दहिवलीच्या प्रार्थनाघरात उपदेश करायचा. पाळकसाहेब पनवेलहून महिन्यातून एकदा यायचे. बाकीचे रविवार हिरामणच्या वाट्याचे. आणि त्याच्या उपदेशाचा विषय वर्षानुवर्षं एकच असायचा, की देव आधी बोलतो आणि मग ते घडतं.

मीखा संदेष्ट्याने शेकडो वर्षं आधी बेथलेहेमचं नाव घेतलं, प्रभू येशू तिथेच जन्मला. जखऱ्याने गाढवाचं सांगितलं, प्रभू गाढवावरच बसून आला. स्तोत्रात झग्यावर चिठ्ठ्या टाकल्याचं होतं, शिपायांनी वधस्तंभाखाली चिठ्ठ्याच टाकल्या. हे सांगताना हिरामणचा आवाज चढत जायचा, कपाळावर घाम यायचा, आणि शेवटी तो हटकून रेल्वेवर यायचा. सिग्नल आधी पडतो, गाडी मागून येते. सिग्नल पडल्यावर सांधेवाला गाडीची वाट बघतो, येईल का नाही म्हणून डोकं खाजवत बसत नाही. आपला विश्वास असाच असला पाहिजे. पुढच्या ओळीत बसलेली येसूबाई दर खेपेला मान डोलवायची, आणि ढोलकीवाला गजा दर खेपेला जांभई दाबायचा.

या संदेष्ट्यांनी आणखी एक गोष्ट सांगून ठेवली होती. जगभर पांगलेल्या इस्राएलाला देव पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून गोळा करील आणि त्याच्या देशात परत नेईल. हिरामणला वाटायचं, कर्जतहून पूर्वेला आणखी काय असणार? म्हणजे हे लिहिणाऱ्या यशया संदेष्ट्याच्या डोळ्यांसमोर तेव्हा आबाजीच होता. हे त्याने आबाजीलाही अनेकदा ऐकवलं होतं, घाण्याशेजारच्या दगडावर बसून, तिळाच्या पेंडीचा तुकडा चघळत. आबाजी हसायचा. पुस्तक आमच्या घरचं आणि अर्थ तुमच्या घरचा, हे बरं हाय, म्हणायचा. मग दोघांची जुंपायची. एलीया संदेष्टा अजून यायचा आहे, हे आबाजीचं म्हणणं. तो बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या रूपाने येऊन गेला, हे हिरामणचं. वाद रंगला की बैल उभा राहायचा आणि मिलकाबाई घरातून ओरडायची. निघताना मात्र आबाजी हिरामणच्या डब्यात पावशेर तेल ओतल्याशिवाय सोडायचा नाही.

इतकं सगळं असलं तरी हिरामणला आबाजीचं जाणं एवढं हवंहवंसं का वाटावं? त्याचं कारण त्याच्या स्वतःच्या घरात होतं, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी त्याचा एकुलता मुलगा शमुवेल तापाने अंथरुणाला खिळला. डॉक्टरने हात टेकले, पण हिरामणने मानलं नाही. प्रार्थना करता करता त्याला एक वचन आठवलं, आणि ते देवाने आपल्यालाच पाठवलंय अशी त्याची खात्री झाली. बायकोच्या, विमलबाईच्या, डोक्यावर हात ठेवून त्याने सांगितलं की पोरगा उठणार, देवाने शब्द दिलाय. तेवढ्यावर तो थांबला नाही. आनंद त्याच्या पोटात मावेना. तो उठून प्रार्थनाघरात गेला, मंडळीला गोळा केलं आणि त्यांनाही तेच सांगत बसला. तो तिकडे सांगत असताना इकडे शमुवेल आईच्या मांडीवर गेला.

त्या दिवसापासून विमलबाई प्रार्थनाघराची पायरी चढली नाही. भांडली नाही, नवऱ्याला टाकून बोलली नाही. भाकरी वेळेवर, धुतलेला सदरा वेळेवर. फक्त रविवारी तो निघाला की ती निवडायला तांदूळ घेऊन बसायची. त्याने समजावलं, विनवलं, भविष्यवाण्या एकापुढे एक मांडल्या. एकदा ती एवढंच म्हणाली, ‘‘तिकडचं नका सांगू, पुस्तकातलं नका सांगू. हितं, माझ्या डोळ्यांदेखत एक तरी खरं झालेलं दाखवा.’’

ते ‘हितं’ हिरामणच्या काळजात रुतून बसलं होतं. देवाने बोललेलं दहिवलीत, विमलच्या डोळ्यांदेखत, खरं झालं असतं, तर ती परत त्याच्याशेजारी बाकावर येऊन बसली असती. त्याला दुसरं काहीही नको होतं.

म्हणून त्या मंगळवारी तो घरी चालत गेला नाही, जवळजवळ पळतच गेला. वाटेत येसूबाई भेटली, आणि तिने आगीत तेलच ओतलं. मिलकाबाईने बाजारातून पोहे आणलेत, मोप आणलेत, आणि नारळ, वेलदोडे, मनुका. येत्या रविवारी त्यांच्याकडे मलिदा आहे. पनवेलहून त्यांची माणसं येणार आहेत. शिवाय मुंबईहून कोणीतरी एक कोरी करकरीत पत्र्याची ट्रंक आणून टाकलीय.

हिरामणला आता शंका घ्यायला जागाच उरली नाही. मलिदा म्हणजे काय ते त्याला चांगलं माहीत होतं. या लोकांचा नवस फिटला किंवा कोणी दूरच्या प्रवासाला निघालं, की एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे त्याच एलीया संदेष्ट्याच्या, नावाने हे गूळ-खोबऱ्यात कालवलेले पोहे फळांसकट ताटात मांडतात, प्रार्थना म्हणतात आणि सगळ्यांना वाटतात. गेल्या वर्षी आबाजीचा पुतण्या इस्राएलला निघाला तेव्हा याच अंगणात मलिदा झाला होता, आणि हिरामणने तो दोनदा मागून खाल्ला होता. घाणा मोडला, ट्रंक आली, मलिदा ठरला. आता फक्त गाडी दिसायची राहिली होती.

तरी माणूस अगदीच उथळ नव्हता. बुधवारी तो स्वतः विचारायला गेला. आबाजी घरी नव्हता. मिलकाबाई ओसरीवर नारळ सोलत बसली होती. तिने सांगितलं की ते पहाटेच्या येष्टीने खालापूरला गेलेत, कामासाठी.

खालापूरला. जिथे आबाजीच्या मूळ गावाची मामलेदार कचेरी आहे, जिथे कागदांवर शिक्के बसतात, तिथे. हिरामणने ओसरीचा खांब धरला. त्याने विचारलं, मलिदा कशाचा? मिलकाबाईने कोयती खाली ठेवली, पदर तोंडाला लावला आणि त्याच्याकडे बघून अशी काही हसली, की एवढी सुखी त्याने तिला कधी पाहिली नव्हती.

‘‘रविवारी या की सगळी मंडळी घेऊन,’’ ती म्हणाली. ‘‘आदी सांगायचं नाय, मी शब्द दिलाय.’’

झालं. यात जे नव्हतं ते सगळं हिरामणला ऐकू आलं. तो तिथून निघाला तो थेट गजाकडे, गजाकडून प्रार्थनाघरात, तिथून येसूबाईकडे आणि तिच्याकडून परत गजाकडे. रविवारी प्रार्थना आटोपली की सगळ्यांनी मिरवणुकीने आबाजीच्या घरी जायचं ठरलं. फुलांचे हार न्यायचे. भजन म्हणत जायचं. देवाचा शब्द आपल्या गल्लीतून चालत जाताना आपण घरात बसलो तर आपल्यासारखे करंटे आपणच, असं तो म्हणाला. गजाने विचारलं, आबाजीने स्वतः सांगितलं का जातो म्हणून? हिरामणने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की गजा निमूटपणे ढोलकीची दोरी आवळायला लागला.

रात्रभर वाट बघण्याएवढा धीर त्याच्यात नव्हता. घरात शिरल्या शिरल्या त्याने विमलबाईला सगळं सांगून टाकलं, बसायचंही विसरून. घाणा, ट्रंक, खालापूरची कचेरी, मिलकाबाईचं हसू. विमलबाई चुलीपुढे होती. तिने फुंकणी बाजूला ठेवली आणि ऐकून घेतलं. तिचा चेहरा लाल झाला होता, तो जाळामुळे, असं त्याला वाटलं. ती थोडी भरल्यासारखी दिसते, तब्येत सुधारतेय, एवढं मध्यंतरी त्याच्या लक्षात आलं होतं, आणि त्याबद्दल त्याने देवाचे आभारही मानले होते. त्याहून अधिक बघायला त्याला सवड कुठे होती?

‘‘तू म्हनली होतीस, हितं दाखवा,’’ तो म्हणाला. ‘‘हितंच होतंय, विमल. आपल्या दहिवलीत. रविवारी तू नुसती ये. प्रार्थनाघरात नको येऊस, आबाजीकडं ये.’’

‘‘मी तिकडं येनारच हाय,’’ विमलबाई म्हणाली, आणि भाकरी थापायला लागली.

हिरामणला त्या रात्री झोप लागली नाही. दोन वर्षांत ती पहिल्यांदा हो म्हणाली होती. आबाजी गेला तर आपल्याला करमणार नाही, तेल कोण ओतणार, भांडणार कोणाशी, हे एकदा मनात डोकावलं, पण त्याने ते लगेच बाहेर काढलं. देवाच्या कामात आपलं करमणं न करमणं कुठे आणायचं? मित्राला घरातून उठवून आपण आपल्या बायकोला बाकावर बसवायला निघालोय, असं कोणी त्याला तेव्हा तोंडावर सांगितलं असतं, तर त्याला ते कळलंसुद्धा नसतं.

रविवारी त्याने जो उपदेश केला तसा आधी कधी केला नव्हता. यशया, यिर्मया, यहेज्केल, कोणाला म्हणून सोडलं नाही. गजाला जांभई आली नाही. लोक उठले ते भारावूनच उठले. झेंडूचे हार घेऊन, ढोलकी-टाळांच्या गजरात मंडळी निघाली, तेव्हा गल्लीतली माणसं वरात आली म्हणून दारात आली. काही तशीच पाठोपाठ चालू लागली. हिरामण सगळ्यांत पुढे, टोपी मागे सरकलेली, आवाज बसलेला, पाय जमिनीला लागत नव्हते. दोन वर्षांत त्याच्या अंगात असं वारं संचारलं नव्हतं.

आबाजीचं अंगण सारवलं होतं. पनवेलची पाहुणेमंडळी घोंगड्यांवर बसली होती. बायकांमध्ये, मिलकाबाईला खेटून, विमलबाई बसली होती, अंगावर ठेवणीतलं हिरवं लुगडं. हिरामणने तिला पाहिलं आणि टोपी सरळ केली. आबाजी स्वच्छ धोतर नेसून, काळी टोपी घालून पुढे आला. त्याने तोंड उघडायच्या आत हिरामणने त्याच्या गळ्यात हार घातला, त्याला मिठी मारली आणि जमलेल्या लोकांकडे वळून बोलायला सुरुवात केली.

त्याने पूर्वेपासून सुरुवात केली. देवाने हजारो वर्षांपूर्वी आपल्या माणसांना हाक मारली, आणि ती हाक आज दहिवलीला पोचली. आता तो हात वर करून पुढे काहीतरी म्हणणार, तेवढ्यात घाण्याच्या बाजूने ठोकठोक सुरू झाली. खालापूरचा सहदेव सुतार घाण्यावर पाय फाकून बसला होता आणि पाचर मारत होता. हिरामणने त्याला जरा दमाने घे म्हणून खुणावलं. सहदेवने हातोडा थांबवला, पण त्याला मिरवणुकीचं कारण ठाऊक नव्हतं.

‘‘हे जाता जाता कशाला ठोकत बसलास रं?’’ हिरामणने विचारलं.

‘‘जातंय कोन?’’ सहदेव म्हणाला. ‘‘जुनी लाट तडकली, नवी बसवतोय. बाभळीची हाय, खालापूरास्नं आबाजीनं सोता निवडून आनली. आबाजी खपंल, पन ही लाट नाय खपायची.’’

ढोलकी आधी थांबली, मग टाळ. कोणीतरी मागे खुसकन हसलं. हिरामण एकदा लाटेकडे आणि एकदा आबाजीच्या गळ्यातल्या हाराकडे बघत राहिला. घाणा, खालापूर, कचेरी. त्याने मनात रचलेलं सगळं एका बाभळीच्या सोटाने खाली आणलं होतं, आणि तेही विमलच्या डोळ्यांदेखत. त्याला तिच्याकडे बघायचा धीर होईना.

आबाजीला एव्हाना उमगलं होतं. तो हसला असता तर हिरामणला सोपं गेलं असतं. पण आबाजी हसला नाही. त्याने गळ्यातला हार काढला नाही, नुसता नीट केला.

‘‘मला गावातनं काढायला आलास व्हय, हिरामणा?’’ तो म्हणाला. ‘‘आरं, देवानं बोलावलं तर मी जाईन. माझ्या भावाची पोरं गेली, ती खरं तेच बोलली, त्यांना हाक ऐकू आली. मला आली म्हंजी मी तुलाच पयला सांगंन. पन हाक देवानं मारायची का तू?’’

शरमेने हिरामणचे कान तापले. समोरचा हा माणूस त्याच्या मुलाच्या मयताला खांदा द्यायला आला होता, आणि गेले पाच दिवस त्याला तो फक्त यशयातली एक ओळ म्हणून दिसत होता. त्याने आबाजीचा हात धरला आणि माझं चुकलं, एवढंच म्हटलं. आबाजीने त्याच्या पाठीवर एक चांगली सणसणीत थाप मारली आणि प्रकरण मिटवलं. वाद घालायला मला दुसरा कोण मिळणार होता तिकडे, असंही वर म्हणाला, आणि आता मात्र सगळं अंगण हसलं.

‘‘मंग मलिदा कशाचा?’’ येसूबाईने विचारलं. तिचा अंदाज केव्हाचा झाला होता, पण असल्या गोष्टी दुसऱ्याच्या तोंडून बाहेर पडण्यातच तिला गोडी.

मिलकाबाईने विमलबाईकडे पाहिलं. विमलबाईने मानेनेच हो म्हटलं. तेव्हा मिलकाबाई उभी राहिली आणि तिने सांगितलं की शमुवेल गेल्यावर ही पोरगी सुकत चालली होती, तेव्हा आपण एलियाहू हन्नबीला नवस बोललो होतो. हिची कूस पुन्हा उजवू दे, तुझ्या नावाने मलिदा करीन. गेल्या पंधरवड्यात पोटातलं बाळ हललं. आज नवस फेडायचा होता. त्या ट्रंकेत आपल्या मुंबईच्या बहिणीने धाडलेली दुपटी आहेत. विमलने शपथ घातली होती म्हणून तोंड दाबून बसावं लागलं, आणि तोंड दाबून बसणं आपल्याला किती जड जातं ते आबाजीला विचारा.

अंगणात एकच कल्लोळ झाला. बायका विमलबाईभोवती गोळा झाल्या, गजाने कोणी न सांगता ढोलकीवर थाप मारली, सहदेव घाण्यावरून उतरला. हिरामण मात्र जागच्या जागी उभा. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं. देवाने जगाच्या पूर्व-पश्चिमेला काय केलं ते तो गल्लीगल्लीत सांगत सुटला होता, आणि त्याच्या चुलीपुढे काय चाललंय ते एका तेलिणीला त्याच्याआधी कळलं होतं.

‘‘मला नाय सांगितलंस?’’ तो विमलबाईजवळ येऊन म्हणाला. रागाने नाही, अगदी लहान आवाजात.

विमलबाईने वर पाहिलं. ‘‘तुमी वचन काढलं असतंत,’’ ती म्हणाली.

आजूबाजूच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांना शमुवेलचं ठाऊक होतं.

आणि हिरामणच्या तोंडात खरंच वचन आलं होतं. एक नाही, चांगली चारपाच. म्हातारपणी मूल होणार हे ऐकून हसलेली सारा, अलीशिबेच्या पोटात उडी मारणारं बाळ. मागून येसूबाई हळूच म्हणालीसुद्धा, हन्नाचं काढा, पुस्तकातल्या शमुवेलाच्या आईचं. सगळी मंडळी त्याच्या तोंडाकडे बघत होती. आजचा फसलेला उपदेश एका वाक्यात उभा करायची ही संधी होती. देवाने शब्द पाळला, बघा, आता हे लेकरू सुखरूप जगात येणार, एवढंच म्हणायचं होतं. विमलबाईही त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत भीती होती. ती बाळंतपणाची नव्हती. तो आता बोलेल, याची होती.

हिरामणने ओठ मिटले. आयुष्यात इतकं अवघड काम त्याने केलं नव्हतं. घोंगडीवर बायकांमध्ये जागा नव्हती, तरी तो तिथेच, विमलबाईच्या शेजारी, सारवलेल्या जमिनीवर बसला.

आबाजीने ताट मध्ये आणून ठेवलं. पोह्यांवर खोबरं, मनुका, कडेने केळी आणि बोरं, मध्ये गुलाबाचं फूल. पनवेलच्या पुरुषांनी आपल्या जुन्या भाषेत एलियाहू हन्नबीचं गाणं सुरू केलं. चाल जलद होती, ऐकणाऱ्याचे पाय आपोआप हलावेत अशी. गजाने दोन ओळींत ती पकडली आणि ढोलकी जुळवली. कोणी कोणाचा एलीया खरा ते विचारलं नाही. त्या गलक्यात विमलबाई नवऱ्याच्या कानाशी वाकली.

‘‘होईल ना वो नीट?’’

‘‘मला ठाऊक नाय, विमल,’’ तो म्हणाला. ‘‘खरंच ठाऊक नाय. पन मी हाय तुझ्यासंगं. मागल्या टायमाला नव्हतो. मी तिकडं सांगत बसलो, आनि तू एकटी होतीस. आता कुटं जायाचा नाय.’’

मिलकाबाईने विमलबाईच्या ओंजळीत मलिदा घातला. तिने त्यातला अर्धा हिरामणच्या हातावर ठेवला, आणि मग दोन वर्षांत पुस्तकातलं जे नाव तिने उच्चारलं नव्हतं ते तिच्या तोंडून आलं.

‘‘यशयानं कन्येच्या पोटी येनाऱ्या त्या लेकराचं नाव सांगून ठेवलं होतं,’’ ती म्हणाली. ‘‘देव आमच्यासंगं. मी लहानपनी पाठ केलं होतं, मिशनच्या शाळंत. त्यात सगळं नीट होईल असं कुटं होतं? संगं असंन, एवढंच होतं. आनि तो आला. तुमी मला दोन वर्सं गाढव आनि चिठ्ठ्याच सांगत बसलात.’’

हे वचन हिरामणने प्रत्येक नाताळाला वाचलं होतं, कन्या गर्भवती होईल इथे आवाज चढवला होता आणि नावापाशी श्वास घ्यायला थांबला होता. इतकी वर्षं तो खरं झालं का ते बघत होता. काय खरं झालं, ते त्याने बघितलंच नव्हतं. त्याला उठून ओरडावंसं वाटलं, सगळ्या दहिवलीला सांगावंसं वाटलं, आणि त्याचे गुडघे उठायला आलेही होते.

विमलबाईने त्याच्या सदऱ्याची बाही धरली.

‘‘बसा,’’ ती म्हणाली. ‘‘आदी खावा. येत्या रविवारी एकटेच प्रार्थनेला जाऊ नका. मलाबी न्या संगं.’’

हिरामण बसला. हातातला मलिदा त्याने तोंडात घातला, आणि तो चावत असताना त्याचे खांदे गदगदा हलत होते.